पाहुणे तज्ज्ञ तीन दिवसांचे, पेशंट आपलेच: इम्प्लांट कार्यशाळेनंतरचे आठ महिने

मी दातांची डॉक्टर. आठ महिन्यांपूर्वी बाहेरून आलेल्या दोन तज्ज्ञांची (एक सर, एक मॅडम) तीन दिवसांची इम्प्लांट कार्यशाळा केली. इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दाताला आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला, त्यात सगळीकडे पाचपैकी पाच लिहून मोकळी झाले. आज तोच फॉर्म परत दिला तर बरीच खाडाखोड होईल.

पहिला दिवस बहुतेक उजळणीतच गेला. आजच्या इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क, 1965 मधला त्यांचा पहिला पेशंट, मग इम्प्लांटने राखायची अंतरं: शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन, खालच्या जबड्यातल्या नसेपासून निदान दोन. हे आकडे झोपेतही सांगता येतात. शिवाय अर्धी दुपार प्रायोजकाच्या किटने खाल्ली.

खरं शिक्षण दुसऱ्या दिवशी, लाइव्ह सर्जरीत झालं. इम्प्लांटसाठी हाडात भोक पाडताना सरांनी तिसरा ड्रिल हातात घेतला, दिव्याखाली धरून त्याच्या खाचा बघितल्या आणि विचारलं, "हा कितव्यांदा वापरताय?" कोणालाच सांगता येईना. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि नवा मागवला. हाडाचं तापमान मिनिटभर 47 अंशांवर राहिलं तरी ते दुखावतं, हे आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं. पण बोथट ड्रिलने भाजलेलं हाड त्या दिवशी काहीच बोलत नाही. पेशंट बधिर, एक्स-रे स्वच्छ, आणि काही आठवड्यांनी इम्प्लांट बोटाने फिरतो. घट्ट हाडात जोर लावून ड्रिल आत रेटायची माझी जुनी सवय त्या दिवसापासून सुटली. आता थोडं आत, मग बाहेर, भुगा धुतला जाईल इतकं सलाइन, पुन्हा आत. प्रत्येक ड्रिल किती वेळा वापरला याची वही असिस्टंट ठेवते. सुरुवातीला तिने कपाळाला आठ्या घातल्या, आता मी विसरले तर तीच टोकते.

मॅडमच्या केसमध्ये टॉर्क, म्हणजे इम्प्लांट हाडात आवळताना लागणारा पिळाचा जोर, जेमतेम 20 न्यूटन सेंटीमीटर आला. पेशंटला त्याच दिवशी तात्पुरता दात द्यायचं ठरलं होतं आणि हॉलमध्ये सगळे त्याचीच वाट बघत होते. मॅडमनी शांतपणे कव्हर स्क्रू (इम्प्लांटचं झाकण) लावला, टाके घातले आणि पेशंटला थांबावं लागेल असं सांगितलं. मागच्या रांगेत चुळबूळ झाली. 35 च्या आसपास टॉर्क नसेल तर लगेच दात देऊ नये, हे मलाही तोंडपाठ होतं. चाळीस जण बघत असताना तसं वागायला मात्र वेगळीच छाती लागते. या आठ महिन्यांत मी अकरा इम्प्लांट बसवले. एकात अशीच वेळ आली, पेशंट थोडे नाराज झाले, मी थांबले. तीन महिन्यांनी क्राउन (इम्प्लांटवरचा कायमचा दात) व्यवस्थित बसला.

सर्वात जास्त उपयोग झाला तो सिमेंटच्या धड्याचा: क्राउन चिकटवताना जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं तर त्रास होतो. माझ्याच एका जुन्या पेशंटच्या क्राउनभोवती हिरडीतून रक्त येत होतं आणि मी दर वेळी नीट ब्रश करायला सांगून त्यांना घरी पाठवत होते. कार्यशाळेनंतर क्राउन काढून पाहिला, तर हिरडीखाली कापलेल्या नखाएवढी सिमेंटची चकती निघाली. एक्स-रेत ती दिसली नव्हती, कारण गालाच्या बाजूला होती. काढल्यावर काही आठवड्यांत रक्त थांबलं. पेशंटना मी खरं काय ते सांगितलं. दोष त्यांच्या ब्रशचा नव्हता. आता इम्प्लांटचा कोन परवानगी देत असेल तर क्राउन सिमेंटने न चिकटवता स्क्रूवरच बसवते, दहा मिनिटांनी टॉर्क रेंचने पुन्हा एकदा आवळते आणि स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉनचा बोळा दाबून मगच वरून काँपोझिट (दातात भरायचं मटेरियल) भरते. क्राउन बसवल्या दिवशीचा एक्स-रेही आता न चुकता काढते, नाहीतर पुढे हाड किती उतरलं ते कशाशी ताडून बघणार?

आता तक्रारी. प्लॅस्टिकच्या जबड्यावरच्या सरावाचा फारसा उपयोग नाही. त्याला जीभ नसते, लाळ नसते, हाडही सगळीकडे सारखंच. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पाहुण्यांनी ज्यांची सर्जरी केली, त्यांच्यापैकी एक जण चौथ्या महिन्यात हलणारा स्क्रू घेऊन माझ्याकडे आले. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, प्लॅटफॉर्म (वरच्या जोडाचा आकार) कोणता, याची कसलीही नोंद त्यांच्या हातात नव्हती. पाकिटावरचा स्टिकर कोणीतरी कचऱ्यात टाकला असणार. स्क्रू आवळायचे तीन ड्रायव्हर लावून पाहिले, चौथा बसला, तोवर पेशंटचा जबडा अवघडून गेला होता. आयोजकांना दोन मेल केले. पहिल्याला गोड उत्तर आलं, दुसऱ्याला आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मॅडमनी फोनवर स्वतःच्या फसलेल्या केसेस दाखवल्या. वाकडा कोन, सिगारेट न सोडणारा पेशंट, गालाच्या बाजूचं हाड पातळ असूनही केलेली घाई. त्या पंधरा मिनिटांसाठी मी पुन्हा फी भरेन. या केसेस स्लाइडवर का नव्हत्या, ते कळलं नाही.

पुढच्या कार्यशाळेची जाहिरात परवाच आली. नाव नोंदवण्याआधी मी दोनच प्रश्न पाठवलेत: सर्जरी झालेल्या पेशंटना स्टिकर लावलेलं कार्ड मिळणार का, आणि सहा महिन्यांनी त्यांना तपासणार कोण?