कर्दळ-वाळ्याचा वाफा: ठोंब घ्यावेत, बाटली घेऊ नये

मोरीचे आणि न्हाणीघराचे सांडपाणी साफ करण्यासाठी कोल्हापुरातील एका रोपवाटिकेने आमच्या परसात कर्दळ आणि वाळा यांचा वाफा करून दिला आहे. काम चोख आहे. तळाला बेताचा उतार, खाली जाड व वर बारीक खडी, आणि ठोंब मुळांना चिकटलेल्या मातीसकट लावलेले. मुळे धुऊन टाकली नाहीत, याचे मला विशेष कौतुक वाटते.

कारण खरे काम त्या चिकट मातीत चालते. पानांनी तयार केलेल्या अन्नाचा काही भाग मुळे शर्करा, अमिनो आम्ले, सायट्रिक व मॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्ले आणि बुळबुळीत स्राव यांच्या रूपाने बाहेर सोडतात. त्यावर जीवाणू पोसले जातात आणि साबण, तेल, खरकटे यांतील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करतात. मुळांलगतच्या या पट्ट्याला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये 'ऱ्हायझोस्फिअर' हे नाव दिले. आमच्या वाफ्यातील कर्दळीचा एक ठोंब उपटून पाहिला, तेव्हा पांढऱ्या मुळांवर तांबूस थर दिसला. अशा पाणथळ जागेत मुळांतून प्राणवायूही झिरपतो आणि पाण्यातील लोह गंजून तिथेच बसते.

म्हणूनच सोबत गळ्यात मारली जाणारी जीवाणूंची बाटली मला अनावश्यक वाटते. बाहेरून ओतलेल्या जीवाणूंना मुळांपाशी आधीच स्थिरावलेल्यांशी झगडावे लागते आणि त्यांतील फारच थोडे टिकतात.

गंभीर तक्रार मात्र वेगळी आहे. 'झाडे सर्व घाण शोषून घेतात, कारखान्याच्या पाण्यालाही चालते' असे रोपवाटिकेच्या पत्रकात छापले आहे. फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहरात असे लिहिणे धोक्याचे आहे. शिसे किंवा क्रोमियम या धातूंचे विघटन कोणताही जीवाणू करू शकत नाही. त्यांचे रूप बदलते, ते मातीला बांधले जातात किंवा झाडात शिरतात, आणि मुळांची आम्ले काही धातू उलट मातीतून सुटेही करतात. अशा वाफ्याची कापलेली पाने खतात किंवा गुरांपुढे टाकता येणार नाहीत, हे पत्रकात असायलाच हवे होते.

घरगुती सांडपाण्यासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवतो. खडी, ठोंब आणि मजुरी यांचा हिशेब ते वेगवेगळा लिहून देतात. वाफ्यातून निघालेले पाणी आम्ही केळीला सोडतो, पालेभाजीला नाही. पन्हळीचे पाणी बाजूने काढून देण्यास त्यांना आधीच सांगावे, कारण इथल्या पावसाळ्यात ते वाफ्यात शिरले तर सांडपाणी मुळांपाशी न थांबता तसेच वाहून जाते.