आठवड्यातून एक मोकळं जेवण: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

डाएट चालू असताना अधूनमधून मनासारखं खावं की नाही, यावर पहिल्या महिन्यात लिहिलेल्या अनुभवांना फारसा अर्थ नसतो. पहिल्या महिन्यात काहीही केलं तरी चालतं. अंगातलं पाणी उतरतं, काटा खाली येतो, आणि चीट मील, म्हणजे ठरवून घेतलेलं मोकळं जेवण, घेऊनही वजन कमी होतंय म्हणून माणूस खूश असतो. खरी परीक्षा पुढे चार-पाच महिन्यांनी येते. तेच जेवण, तोच वार, तेवढंच प्रमाण, आणि काटा तीन-तीन आठवडे जागचा हलत नाही. हे लिखाण त्या टप्प्यावरून आहे. खाली मेंटेनन्स म्हणजे वजन आहे तसंच ठेवायला रोज लागणाऱ्या कॅलरी, आणि तूट (कॅलरी डेफिसिट) म्हणजे त्यापेक्षा जेवढं कमी खाल्लं ते.

निकाल आधीच सांगून टाकतो. पद्धत चांगली आहे, ठेवावी. पण अख्खा दिवस मोकळा सोडू नये, एकच जेवण सोडावं. आणि या पद्धतीत एक मोठा दोष आहे, ज्याबद्दल जवळपास कुणीच बोलत नाही: त्या जेवणानंतर घरात जे उरतं, ते. खाली बराच मजकूर या उरलेल्याबद्दलच आहे, कारण माझ्या मते वजन तिथेच अडतं.

दिवस का नको, याचा हिशोब सोपा आहे. समजा मेंटेनन्स २००० किलोकॅलरी आणि रोजचं खाणं १५०० आहे. सहा दिवसांत ३००० ची तूट जमते. मोकळ्या दिवशी १०० ग्रॅमचं मिल्क चॉकलेट (साधारण ५४०), बटाट्याच्या चिप्सचं १५० ग्रॅमचं पाकीट (८००), साध्या आइस्क्रीमचा अर्ध्या लिटरचा डबा (५८० च्या आसपास) आणि साखरेच्या कोलाचे ३३० मिलीचे दोन कॅन (२८०) एवढंच धरलं, तरी २२०० झाले. यात जेवणं अजून आलेलीच नाहीत. तिन्ही वेळची जेवणं मिळून ४५०० पर्यंत आकडा जातो आणि पोट फार भरल्यासारखंही वाटत नाही. आठवड्याची तूट उरते ५००, म्हणजे जेमतेम ६५ ग्रॅम चरबी. सहा दिवस नेटाने पाळलेलं एका दिवसात जवळजवळ सगळं गेलं.

आता एकच जेवण मोकळं ठेवून बघा. नेहमीच्या ५०० ऐवजी १२०० खाल्ले, तर जादा गेले ७००. आठवड्याची ३५०० ची तूट २८०० वर आली, म्हणजे सुमारे ३६० ग्रॅम. हे परवडतं. उरलेल्या सहा दिवसांत रोज १०० कमी खाल्ले, तर तेही जवळपास भरून निघतं. ही बचत आधी करावी, नंतर नाही. जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करायला गेलं, की संध्याकाळी भूक इतकी खवळते की वाचवलेले ६०० आणि वर आणखी ६०० पोटात जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं की नाही, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उभं राहायला हरकत नाही, पण त्या आकड्यावरून काही ठरवू नये. शरीर जादा कर्बोदकं ग्लायकोजनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. २०० ग्रॅम ग्लायकोजन भरलं, तर पाण्यासकट ८०० ग्रॅम वजन तिथेच वाढलं. त्यात खारट पदार्थांमुळे थांबलेलं पाणी आणि आतड्यात असलेलं अन्न आलं. दीड किलोची वाढ सहज दिसते, आणि तीन-चार दिवसांत ती उतरतेही. ७०० जादा किलोकॅलरींची चरबी फार तर ९० ग्रॅम होते. म्हणून सात दिवसांची सरासरी काढावी आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. एकेका सकाळच्या आकड्याला किंमत देऊ नये.

चीट डेने, म्हणजे अख्ख्या मोकळ्या दिवसाने, मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग) 'जागा होतो' हा दावा मात्र ऐकून ऐकून वैताग आला आहे. त्यात तथ्य किती ते नीट पाहू. डाएटवर लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन घटतं, हे खरं आहे. कर्बोदकं भरपूर खाल्ल्यावर ते काही काळ वाढतं, हेही खरं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जादा कर्बोदकं दिली होती. लेप्टिन २८ टक्के वाढलं आणि दिवसभराचा ऊर्जाखर्च ७ टक्के. आता हेच २००० मेंटेनन्सला लावा: जादा खाल्ले रोज ८००, जादा जळाले १४०. उरलेले ६६० कुठे गेले, हे सांगायला नको.

याच दाव्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मॅटाडोर प्रयोगाचाही दाखला दिला जातो. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवडे डाएट, मग दोन आठवडे विश्रांती, असं आलटून पालटून केलेल्या लठ्ठ पुरुषांचं वजन सलग डाएट करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं: सुमारे १४ किलो विरुद्ध ९ किलो. डाएटचे आठवडे दोन्ही गटांत सारखेच, १६. पण विश्रांतीच्या त्या दोन आठवड्यांत त्यांना मोजून मेंटेनन्सइतकंच अन्न दिलं होतं. मनाला येईल ते खायची मुभा नव्हती. हा तपशील गाळून प्रयोगाचं नाव पुढे करणं चुकीचं आहे.

मोकळ्या जेवणाचा खरा फायदा डोक्याला होतो. १९७५ च्या एका गाजलेल्या प्रयोगात लोकांना आधी मिल्कशेक देऊन मग आइस्क्रीम चाखायला बसवलं होतं. खाण्यावर एरवी लगाम नसलेल्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाणं सतत आवरणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. 'आता मोडलंच आहे तर' हा विचार तो मिल्कशेक मनात घालतो. जेवण आधीच ठरलेलं आणि हिशोबात धरलेलं असेल, तर मोडण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून ते रात्रीचं ठेवावं. दुपारी घेतलं आणि मन घसरलं, तर पुढे सात-आठ तास मोकळे असतात. रात्री घेतलं की त्यानंतर झोपच. त्या दिवशीची आधीची जेवणं प्रथिनं आणि भाज्यांची, नेहमीसारखी घ्यावीत. दिवसभर उपाशी राहून गेलं, की पहिल्या दहा मिनिटांतच प्रमाण हाताबाहेर जातं.

आता उरलेल्याबद्दल.

मोकळ्या जेवणाची खरेदी करताना हात आपोआप मोठ्या पाकिटाकडे जातो, कारण ग्रॅममागे ते स्वस्त पडतं. काटकसरी माणसाला लहान पाकीट घेणं जिवावर येतं. जेवण होतं, ठरलेलं २० ग्रॅम चॉकलेट खाल्लं जातं, आणि २०० ग्रॅमच्या वडीतलं १८० ग्रॅम कपाटात जातं. पुढचे चार दिवस कपाट उघडलं की एक तुकडा. १५ ग्रॅमचा तुकडा ८० किलोकॅलरींचा असतो. दिवसातून तीनदा, चार दिवस: ९६०. मोकळ्या जेवणाने जादा ७०० घेतले होते. त्याच्या उरल्यासुरल्याने त्याहून जास्त घेतले, आणि तेही नोंद न होता. कॅलरी नोंदवायच्या ॲपमध्ये मोकळं जेवण प्रामाणिकपणे भरलेलं असतं, हे तुकडे कुणी भरत नाही. 'काही केल्या वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांवरचा १९९२ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं होतं. ही माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. उभ्या उभ्या खाल्लेला तुकडा खाणं म्हणून लक्षातच राहत नाही.

काटा का थांबतो, याचं उत्तर मला इथे सापडतं. दहाएक किलो उतरल्यावर मेंटेनन्स साधारण २०० ने कमी होतो. रोजची तूट ५०० ची ३०० होते, आठवड्याची ३५०० ची २१००. त्यातून जेवणाचे ७०० आणि उरलेल्याचे ९६० वजा केले की राहतात ४४०, म्हणजे ५७ ग्रॅम. रोजचं वजन किलोभर मागेपुढे होत असताना हे ५७ ग्रॅम दिसणार कुठून? पहिल्या महिन्यांत हेच उरलेलं मोठ्या तुटीत झाकून गेलेलं असतं, म्हणून त्याच्यावर संशय येत नाही. दोष मोकळ्या जेवणाच्या माथी मारला जातो आणि नेमकं तेच बंद केलं जातं. कपाटातली वडी तशीच राहते.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. सगळ्यात लहान पाकीट घ्या, महाग पडलं तरी. मोठ्या पाकिटात वाचलेले पैसे पोटात गेले तर ती बचत धरता येत नाही. खायच्या आधी काट्यावर वाटी ठेवून मोजून काढा, पाकिटातून थेट खाऊ नका. वेष्टणावर 'प्रति सर्व्हिंग' लिहिलेला आकडा बहुधा २५-३० ग्रॅमचा असतो, पाकीट त्याच्या पाचपट असतं. आइस्क्रीमच्या बाबतीत मिलीलिटर पाहू नका, ग्रॅम पाहा. स्वस्त आइस्क्रीममध्ये हवा जास्त असते, त्याचा ५०० मिलीचा डबा पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. घट्ट, महाग प्रकारात तेवढाच डबा चारशे ग्रॅमच्या पुढे जातो, चरबीही जास्त असते आणि आकडा हजाराच्या वर पोचतो. दोन्ही डबे हातात सारखेच दिसतात.

केक, ब्रेड यांसारख्या गोष्टी एकेका खेपेपुरते तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकल्या की बऱ्याच सुरक्षित राहतात, कारण गोठलेला तुकडा नरम व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लहर ओसरते. चिप्स आणि चॉकलेटला हे लागू नाही, ती थंडही खाल्ली जातात. ती त्याच रात्री कुणाला तरी देऊन टाकावीत. घरातल्या इतरांसाठी आणायचंच असेल, तर आपल्याला न आवडणारी चव आणावी. हा एवढासा बदल आत्मसंयमाच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि शक्य असेल तिथे मोकळं जेवण बाहेर घ्यावं. बाहेरच्या ताटात तेल किती, हे कळत नाही (एक मोठा चमचा म्हणजे १२० किलोकॅलरी, आणि तो डोळ्यांना दिसत नाही), तरीही ते ताट घरी येत नाही. उरलेलं बांधून मात्र आणू नये.

या उरलेल्यामुळेच माझं एक मत बदललं. कागदावर पाहिलं तर आठवड्यातून एकदा १२०० चं जेवण घेण्यापेक्षा रोज २० ग्रॅम चॉकलेट, म्हणजे ११० किलोकॅलरी, हा मार्ग सरस दिसतो. आठवड्याचे ७७० होतात, धक्का बसत नाही, वाट पाहावी लागत नाही. 'रोज थोडं' हेच योग्य, असं मी सुरुवातीला सांगत असे. पण रोज थोडं खायचं म्हणजे साठा घरात कायम हवा, आणि २० चे ४० व्हायला हात फक्त दुसऱ्यांदा कपाटाकडे जावा लागतो. ज्यांना रोज बाहेर सुटा एकच तुकडा विकत घेता येतो, त्यांनी रोजचा मार्ग घ्यावा. ज्यांच्या घरात साठा राहणारच आहे, त्यांना आठवड्याचं जेवण बरं, तेही घराबाहेर. आणि कुठलाही मार्ग घेतला तरी दर चार-पाच किलोंनंतर मेंटेनन्स नव्याने काढून मोकळ्या जेवणाचा आकडा आवळावा. सुरुवातीचे १२०० शेवटपर्यंत परवडत नाहीत, ९०० वर यावं लागतं.

मद्याबद्दल थोडक्यात. ग्रॅमला ७ किलोकॅलरी तर आहेतच, पण त्याहून वाईट म्हणजे सोबतच्या खारट पदार्थांचं मोजमाप त्यात सुटतं. मोकळ्या जेवणात घ्यायचंच असेल, तर खाण्याचं ताट आधी वाढून घ्यावं, मग पेला.

इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांनी हे जेवण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नये. गोळीची मात्रा नेहमीच्या खाण्यावर बेतलेली असते, मोकळ्या जेवणाने साखर एका बाजूला जाते आणि आदल्या दिवशी बचत म्हणून कमी खाल्लं तर दुसऱ्या बाजूला. ज्यांना पूर्वी एका बैठकीत बेभान खाण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास झालेला आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत नाही. ठरवून मोकळं सोडलेलं जेवण त्यांच्या बाबतीत तो त्रास परत आणू शकतो.

गुण द्यायचे तर एका जेवणाला पाचपैकी चार, अख्ख्या दिवसाला एक. चीट मीलच्या सल्ल्यात पाकिटाच्या आकाराबद्दल एक ओळही नसते, एक गुण त्यासाठी कापला आहे.