कापडी ग्रो बॅग: तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. कापडी ग्रो बॅगा, म्हणजे कुंडीऐवजी झाडं लावायच्या कापडी पिशव्या, पावसाळ्यात उत्तम, हिवाळ्यात चांगल्या, आणि उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालायला घरात कुणी असेल तरच घ्याव्यात. मी खरेदीआधी वाचलेले बहुतेक अभिप्राय पहिल्या महिन्याभरातले होते. या बॅगेचा स्वभाव मात्र ऋतू बदलला की कळतो, म्हणून गच्चीवर तिन्ही ऋतू काढल्यावरच लिहायला बसले.

माझ्या बॅगा जाड, न विणलेल्या कापडाच्या आहेत. मिरची आणि वांग्याला 12 बाय 12 इंच (व्यास आणि उंची), टोमॅटोला 15 बाय 15 आणि पालेभाज्यांना 24 बाय 9, म्हणजे पसरट. माप निवडताना एक हिशोब जरूर करा. 12 बाय 12 मध्ये साधारण 22 लिटर मिश्रण बसतं, तर 15 बाय 15 मध्ये 43. दिसायला तीन इंचांचा फरक, पण माती आणि कंपोस्ट जवळपास दुप्पट लागतं. शिवाय भिजलेली मोठी बॅग एकट्याने हलत नाही, तेव्हा जागा आधी ठरवा आणि मग भरा.

सुरुवात उन्हाळ्यात झाली आणि तीच सगळ्यात कठीण परीक्षा होती. कापडातून चहूबाजूंनी बाष्पीभवन होतं, त्यामुळे आतली माती माठातल्या पाण्यासारखी गार राहते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाकडच्या बाजूची मुळं भाजतात, तसं इथे झालं नाही. पण या गारव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. सकाळी भरपूर पाणी दिलेलं रोप दुपारी मान टाकायचं. त्यात मिश्रणातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा कोरडं पडलं की मिश्रण आकसतं, कापडापासून सुटतं, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. बुडातून पाणी येताना बघून आपल्याला वाटतं झाड भिजलं, पण बोट खुपसलं तर मध्ये कोरडं ठक्क! यावर उपाय म्हणजे झारीने हळूहळू पाणी द्यायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा द्यायचं. वर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर हवाच. बॅगा एकमेकींना चिकटून ठेवा आणि लहान बॅगा मध्ये घ्या, म्हणजे त्यांच्या कडांवर ऊन येत नाही.

टोमॅटोच्या काही फळांचा बुडखा काळा पडला, तोही या पाण्याच्या ओढाताणीमुळेच. मातीत कॅल्शियम असलं तरी ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. पाणी कधी भरपूर कधी गायब असं झालं की फळाला ते कमी पडतं. आच्छादन केल्यावर पुढची फळं स्वच्छ आली. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर गेल्यावर टोमॅटोची फुलं गळतात, त्यात मात्र बॅगेचा काही दोष नाही.

पावसाळ्यात या बॅगेला तोड नाही. रात्रभर पाऊस कोसळला तरी पाणी साचत नाही आणि उघडीप मिळाली की वाफसा लवकर येतो, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होते. मिरचीची मूळकूज मला कुठेच दिसली नाही. उन्हाळ्यात कापडावर क्षारांचे पांढरे डाग चढले होते, तेही पावसाने बरेचसे धुतले. फक्त बॅग फरशीवर थेट ठेवू नका, खाली विटा द्या, नाहीतर बुड सतत ओलं राहतं. दुसरी गोष्ट खताची. एवढा निचरा म्हणजे नत्रही पाण्याबरोबर वाहून जाणार. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडू लागली की ओळखावं. एकदम भरघोस शेणखत देण्यापेक्षा थोडं थोडं गांडूळखत वारंवार दिलेलं जास्त लागू पडलं. कापडाला बाहेरून हिरवट शेवाळ धरतं. दिसायला वाईट, पण झाडाला त्याचा त्रास नाही.

पावसाळा सरल्यावर मिरचीची एक बॅग रिकामी केली, तेव्हा मला ही बॅग मनापासून आवडली. प्लास्टिकच्या कुंडीतून झाड काढलं की मुळं कडेने गोल गोल गुंडाळलेली निघतात. इथे कापडापाशी पोचलेलं मुळाचं टोक हवेने सुकतं, वाढ तिथेच थांबते आणि मागून नवे फाटे फुटतात. गोळा हातात फोडला तर अगदी मधोमधपर्यंत पांढरी मुळी भरलेली, केसासारखी बारीक, माती घट्ट धरून बसलेली. मी बराच वेळ ते बघत बसले होते.

हिवाळ्यात विशेष सांगण्यासारखं थोडंच आहे. पालक, मेथी, कोथिंबीर पसरट बॅगेत झकास आली. बाष्पीभवन मंदावतं, तेव्हा उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घालत राहू नका. वरचा इंचभर थर कोरडा झाल्यावरच द्या. मावा ही कीड येते, पण ती कुठल्याही कुंडीत येते.

टिकाऊपणाबद्दल तक्रार आहे. कापड शाबूत आहे, पण दोन बॅगांचे हँडल शिलाईतून उसवले. उन्हाच्या बाजूचे काठही आता विरायला लागलेत. हे कापड प्लास्टिकच्याच धाग्यांचं असतं. ते पुरतं विरलं तर तंतू मातीत मिसळतात, म्हणून तशी बॅग वेळीच बाद करणार आहे. घेताना जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, जास्त असलेली बघा आणि हँडलची शिलाई दुहेरी आहे का तेही तपासा.

पुढच्या खेपेला मिरची, वांगी आणि पालेभाज्यांसाठी पुन्हा याच बॅगा घेईन. उन्हाळी टोमॅटोला ठिबकची नळी जोडणार आहे. पुदिन्याला ओल लागते, त्यामुळे तो साध्या कुंडीतच ठेवलाय.