सेमी-इंग्लिशमधून आयजीसीएसई: नववीचं वर्ष संपत आलंय, आमचा अनुभव

माझा मोठा मुलगा मागच्या वर्षी स्टेट बोर्डातून दहावी झाला, सेमी-इंग्लिश, म्हणजे गणित आणि सायन्स इंग्लिशमधून, बाकी सगळं मराठीतून. धाकटी आठवीपर्यंत त्याच शाळेत होती, नववीला तिला आम्ही केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे दहावीच्या बरोबरीच्या आंतरराष्ट्रीय बोर्डाला घातलं, पुण्यातच. त्यामुळे एक बोर्ड नुकतंच संपलेलं आणि दुसरं चालू, असं दोन्ही घरात बघायला मिळतंय. बोर्ड निवडताना सगळे एकच विचारतात, कठीण कुठलं आणि सोपं कुठलं. माझं मत आता असं झालंय की आधी पेपर बघा, त्यात काय विचारतात आणि तो तपासतात कसा ते बघा, कारण संध्याकाळी घरात कसला अभ्यास होणार ते तिथेच ठरतं.

मुलाचं दहावीचं वर्ष आठवा म्हटलं तर शास्त्रीय कारणे लिहा, फरक स्पष्ट करा, टिपा लिहा, आणि त्यासाठी गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच. त्याने मन लावून केलं, मार्कही छान पडले, पण फेब्रुवारीत त्याला विचारलं असतं की हे असं का होतं तर तो धड्यातलं वाक्य जसंच्या तसं सांगायचा. मुलीच्या फिजिक्सला तीन पेपर आहेत, एक एमसीक्यू 40 मार्कांचा, एक थिअरी 80 चा आणि तिसरा प्रॅक्टिकल किंवा त्याऐवजी लेखी, ज्याला अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल म्हणतात, तो 40 मार्कांचा पण एकूण निकालात 20 टक्के वजन. या तिसऱ्या पेपरने आमच्या घरातलं वातावरण बदललं असं मी म्हणेन. लंबकाचा प्रश्न येतो, एका झोक्याचा वेळ न मोजता 20 झोक्यांचा मोजून 20 ने भागायचं, का? स्टॉपवॉच दाबताना हाताला जो उशीर होतो तो एका झोक्यात फार मोठा पडतो, वीसमध्ये वाटला जातो. मग ग्राफ काढा, बेस्ट फिट लाइन काढा, कुठली गोष्ट कायम ठेवायला हवी होती ते सांगा, रीडिंग आणखी नेमकं यायला काय कराल ते सांगा. हे पाठ करून येतच नाही. तिने गॅलरीत दोरीला कुलूप बांधून हे करून बघितलं, आणि दादाला सुद्धा ओढलं त्यात, जो आता अकरावी सायन्सला आहे आणि त्याने दहावीत हाताने असं काही केलेलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. केंब्रिजचे जुने पेपर मिळतात, त्यांच्या मार्क स्कीम मिळतात आणि त्याबरोबर एक्झामिनर रिपोर्ट मिळतो. मार्क स्कीममध्ये प्रत्येक मार्क कशाला दिलाय ते लिहिलेलं असतं, कुठलं उत्तर चालेल आणि कुठलं नाकारायचं तेही, आणि रिपोर्टमध्ये त्या सिरीजला, म्हणजे त्या वेळच्या परीक्षेला, मुलं कुठे अडखळली, काय अर्धवट लिहिलं, ते प्रश्नागणिक सांगितलेलं असतं. माझे सासरे मराठी माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवून रिटायर झालेत. ते आता रविवारी नातीचा पेपर मार्क स्कीम समोर ठेवून तपासतात, लाल पेनाने, आणि दोघांचा वाद होतो, ती म्हणते आजोबा, प्रश्नात 'एक्स्प्लेन' म्हटलंय, तुम्ही 'स्टेट', म्हणजे नुसतं सांगा, म्हटल्यासारखे मार्क देताय. कारण नुसतं सांगायचं असेल तर एक वाक्य पुरतं, एक्स्प्लेन म्हटलं की कारण आणि परिणाम दोन्ही लागतात. क्लास न लावता हे चाललंय आणि ते केवळ तपासणी उघडी आहे म्हणून चाललंय.

हे फक्त परदेशी बोर्डच करतं असं अजिबात नाही. सीबीएसई सॅम्पल पेपर आणि त्यांची मार्किंग स्कीम वेबसाइटवर टाकतं, आयसीएसईवालं कौन्सिल मुलांच्या उत्तरांचं विषयवार विश्लेषण काढतं. आपल्या राज्य मंडळात निकालानंतर फी भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळते, ती चांगलीच सोय आहे, पण तोपर्यंत परीक्षा झालेली असते. मला मनापासून वाटतं की मंडळाने दर वर्षी विषयवार असा रिपोर्ट मराठीत काढावा, गावाकडच्या शाळेतल्या मास्तरांना आणि मुलांना त्याचा जेवढा उपयोग होईल तेवढा शहरात सुद्धा होणार नाही.

आणि स्टेट बोर्डाची पुस्तकं! ती वाईट आहेत असं म्हणणाऱ्यांनी 2018 साली आलेली दहावीची बालभारतीची पुस्तकं उघडून बघावीत. भूगोल अख्खा भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे, हवामान, नद्या, लोकसंख्या, शेती, सगळं शेजारी शेजारी ठेवून. इतिहासाची सुरुवातच इतिहास लिहितात कसा यापासून होते, आधी पाश्चात्त्य परंपरा मग भारतीय. इतकं छान पुस्तक, पीडीएफ फुकट मिळते, आणि त्याच्यावर प्रश्न काय तर रिकाम्या जागा भरा आणि संकल्पनाचित्र पूर्ण करा. मुलीने आयजीसीएसईला इतिहास घेतलाच नाही, पण त्याचा सिलॅबस मी वाचला, तो मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतरचं आंतरराष्ट्रीय राजकारण, हिटलर, शीतयुद्ध असा आहे. विषय चांगलाय, पण महाराष्ट्रातल्या मुलीला दहावीत आपला इतिहास शून्य, हे मला पटत नाही.

मराठीचं तर वाईटच वाटतं. 2020 च्या कायद्याने राज्यात सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावं लागतं, तिच्या शाळेतही शिकवतात, पण केंब्रिजच्या विषयांच्या यादीत मराठी नाही, हिंदी आहे. म्हणजे बोर्डाचा पेपर नाही, मग शाळेत त्या तासाला कोण किती जीव लावणार. जी मुलगी आठवीत निबंधात पहिली यायची तिला आता मराठीत सलग दोन पानं लिहायचा कंटाळा येतो. आम्ही घरी मराठी वाचन चालू ठेवलंय, पण परीक्षा नसलेल्या विषयाला वेळ काढणं सोपं नाही हे लक्षात ठेवा. तुमचं मूल मराठी माध्यमातलं किंवा सेमीचं असेल तर हा खर्च फीच्या आकड्यात दिसत नाही.

गणित. स्टेट बोर्डात भाग 1 बीजगणित, भाग 2 भूमिती, आणि प्रमेयं नीट पक्ष-साध्य-सिद्धता लिहून. इथे 0580 कोडचा विषय आहे, त्यात एक्स्टेंडेडला, म्हणजे वरच्या स्तराला, 2025 पासून दोन पेपर, दोन तासांचे, शंभर-शंभर मार्कांचे, एक कॅल्क्युलेटरशिवाय आणि एक कॅल्क्युलेटर घेऊन. व्हेक्टर्स, फंक्शन्स, थोडं डिफरन्शिएशन सुद्धा येतं जे मुलगा बघून म्हणाला हे तर आमचं कॉलेजचं. पण प्रमेय सिद्ध करायची शिस्त इथे कमी आहे, ती मुलीला आधीच्या शाळेतून मिळालेली उपयोगी पडतेय. एक नीट विचारून घ्या, कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर असतात आणि कोअरला जास्तीत जास्त सी ग्रेडच मिळते, मूल कितीही छान लिहू दे. पुढे सायन्स-कॉमर्स काहीही करायचं असेल तर शाळा कुठल्या विषयाला काय देणार हे आधी कळलं पाहिजे.

पहिली सहामाही अवघड गेली, त्यात सायन्सच्या टीचर मध्येच सोडून गेल्या आणि नवीन यायला वेळ लागला, त्या काळात जुने पेपर नसते तर आमचं काही खरं नव्हतं. तिला इंग्लिश बोलायची भीती होती ती दिवाळीनंतर गेली, त्याचं श्रेय मी ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह या विषयाला देते, त्यात 1500 ते 2000 शब्दांचा स्वतःचा रिपोर्ट लिहायचा असतो आणि टीम प्रोजेक्ट असतं. तिने पाण्याच्या टँकरचा विषय घेतलाय, सोसायटीत फिरून लोकांना विचारते, मग वर्गात उभं राहून सांगावंच लागतं.

पैसे. शाळेची फी प्रत्येकाची वेगळी, ते सोडा. पण दहावीची बोर्डाची परीक्षा फी काही शेकड्यात असते, इथे प्रत्येक विषयाची वेगळी आणि हजारांत. पुस्तकं महाग. सीनियरची सेकंड हँड घ्या, फक्त सिलॅबसचं वर्ष तपासून.

आता अकरावीचं, जे सगळ्यात महत्त्वाचं आणि ज्याबद्दल ॲडमिशनच्या वेळी कोणी स्वतःहून बोलत नाही. एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठ महासंघ, किमान पाच विषयांत ए स्टार ते सी ग्रेड असतील तर आयजीसीएसईला दहावीच्या बरोबरीचं धरतो. मान्यतेचा प्रश्न नाही, पण वेळेचा आहे. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये येतो आणि तोपर्यंत आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन फेऱ्या पुढे गेलेल्या असतात. भारतातल्या शाळांसाठी फेब्रुवारी-मार्चची सिरीज आहे, तिचा निकाल मेमध्ये लागतो, तुमची शाळा त्या सिरीजला मुलं बसवते का हे पहिल्या भेटीत विचारा. आणि ज्याला जेईई किंवा नीट पक्कं करायचंय त्याने सरळ सीबीएसई बघावं, एनसीईआरटीच्या पुस्तकांवर पाया तयार होतो आणि अकरावीला गियर बदलावा लागत नाही, शिवाय 2026 पासून दहावीला बोर्डाच्या दोन संधी दिल्यात. बहिणीचा मुलगा आयसीएसईला आहे, त्याचं इंग्लिश ऐकून हेवा वाटतो, पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायो वेगवेगळे पेपर, इतिहास वेगळा, भूगोल वेगळा, वाचायला आवडणाऱ्या मुलालाच ते झेपेल. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, त्याचा डिप्लोमा दहावीनंतरचा, 45 पैकी गुण, त्यात एक्स्टेंडेड एसे म्हणजे मोठा निबंध वगैरे, आम्ही अजून त्या वाटेचा विचार केलेला नाही.

स्टेट बोर्डातून केंब्रिजला जायचं असेल तर नववीतच जा, दहावीत नको, कारण हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम आहे. शाळेत गेलात की लॅब बघा, गेल्या दोन वर्षांत सायन्सचे किती टीचर बदलले ते विचारा, आणि जमलं तर एखाद्या विषयाचा जुना पेपर प्रिंट करून मुलासमोर ठेवा, मार्क किती पडतात ते बघू नका, सोडवताना त्याला मजा येते का ते बघा. आमच्या मुलीची परीक्षा पुढच्या मार्चला आहे, मेमध्ये निकाल लागला आणि अकरावीचा फॉर्म भरला की ग्रेडचे मार्क कसे धरले गेले ते याच्याखाली सविस्तर लिहीन.