लाल किल्ला की हुमायूनचा मकबरा?

दिल्लीत पहिल्यांदाच आलेला माणूस आधी लाल किल्ल्याकडे धाव घेतो. नाव मोठं, १५ ऑगस्टचं भाषण तिथलंच. शाहजहानने १६४८मध्ये पूर्ण केलेल्या या किल्ल्याचा लाहोरी दरवाजा बघून छाती दडपते हे खरं, पण आत गेल्यावर थोडा हिरमोड होतो. १८५७नंतर इंग्रजांनी आतले बरेच महाल पाडून बराकी उभ्या केल्या. दिवाण-ए-खास, म्हणजे बादशहाचा खासगी दरबार, उरला आहे, पण छताची चांदी गेली. ती १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवली, हे मराठी माणसाने तिथे उभं राहून आठवावंच!

हुमायूनचा मकबरा याउलट जवळपास अखंड आहे. सोळाव्या शतकात हुमायूनच्या बेगमेने तो बांधून घेतला. लाल दगड, पांढऱ्या संगमरवराचा दुहेरी घुमट, चार भागांत विभागलेली बाग. ताजमहालाची कल्पना कुठून आली ते इथे कळतं. १८५७मध्ये बहादूरशाह जफर पकडला गेला तो इथेच. आवारातली इसा खान या शेरशाह सूरीच्या सरदाराची अष्टकोनी कबर मकबऱ्याहून जुनी आहे. बरेच जण ती न बघताच पुढे जातात.

एकच जागा बघायची तर मी मकबरा निवडेन, तोही सकाळी लवकर. जामा मशीद आणि चांदणी चौक करायचाच असेल तर मात्र किल्ला वाटेवरच आहे. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी तो बंद असतो.