ऑफिसचा ऑल-इन-वन प्रिंटर: छपाई झकास, मेलची सेटिंग डोकेखाऊ

छपाईबद्दल तक्रार नाही. पानं स्वच्छ येतात, वेगही बरा. कस लागतो तो 'स्कॅन टू ईमेल' (स्कॅन केलेलं पान थेट मेलने पाठवणं) चालू करताना. एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या पद्धतीच्या) रकान्यात पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा नंबर, आधीच २५ भरलेला. हा पोर्ट बऱ्याच इंटरनेट कंपन्या बंदच ठेवतात. ५८७ टाकून स्टार्टटीएलएस (जोडणी सुरक्षित करणारा पर्याय) निवडलं, तेव्हा मेल सुटला. जीमेलचं खातं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अशा उपकरणासाठी वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. पॉप३ मेल आणण्यासाठी असतं, ते इथे रिकामं सोडलं तरी चालतं. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

प्रिंटर डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता देण्यावर) ठेवला तर कधीतरी आयपी, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, बदलतो आणि तो 'ऑफलाइन' दिसायला लागतो. म्हणून राउटरमध्येच त्याच्या मॅक ॲड्रेसवर (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर) आयपी राखून ठेवला. हाताने आयपी देणार असाल तर सबनेट मास्क (आपल्या नेटवर्कची हद्द सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेर जायची वाट, बहुधा राउटरच) यांच्याबरोबर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हाही भरा. नाहीतर छपाई होते, पण सर्व्हरचं नाव सापडत नाही आणि मेल जात नाही.

मशीनला चार तारे, मॅन्युअलला एक, तोही दयेपोटी.