कारण-परिणाम चित्रकार्ड: जोड्यांपेक्षा बाण कामाचे

दुसरी-तिसरीच्या मुलांना ‘हे का घडलं?’ शिकवण्यासाठी हा चित्रकार्डांचा संच मी वर्गात वापरते आहे. ४८ कार्डं म्हणजे २४ जोड्या, लॅमिनेट केलेले बाण, कोऱ्या पट्ट्या आणि ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ लिहिलेल्या चिठ्ठ्या एवढं खोक्यात येतं. घ्यावा का? जरूर घ्यावा, पण खोक्यावर ज्या जोड्यांची जाहिरात केली आहे, त्यांच्यासाठी नव्हे.

चित्रं खरोखर सुरेख आहेत. एका कार्डावर एकच घटना, मागे पसारा नाही. फुटलेल्या खिडकीच्या कार्डावर काचा खोलीच्या आत पडलेल्या दाखवल्या आहेत. त्यावरून चेंडू बाहेरून आला असणार, हे एका मुलीने कुणी न सांगता ओळखलं. चित्रकाराने असा विचार केलेला असला की अर्धं शिकवणं तिथेच होतं.

घोळ आहे तो खाचांचा. जोडीतली दोन कार्डं एकमेकांत बसावीत म्हणून कडा वेगवेगळ्या आकारांत कापल्या आहेत. मग मुलं चित्र कशाला बघतील? ती खाचा जुळवतात, टाळ्या वाजवतात आणि पुढचं कार्ड उचलतात. मी सरळ कात्री घेऊन सगळ्या कडा सपाट केल्या आणि त्यानंतरच वर्गात बोलणं सुरू झालं. एकाने उघडलेल्या छत्रीकडून पावसाकडे बाण लावला. “छत्री उघडली म्हणून पाऊस आला,” असं ठामपणे सांगितलंही. यात त्याचं काही जगावेगळं नाही. झाडं हलतात म्हणून वारा येतो, असं लहान मुलं सांगतात हे मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकातच नोंदवून ठेवलं आहे. मी एवढंच विचारलं, “छत्री उघडलीच नसती तर पाऊस आला नसता का?” तो थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिला आणि बाण त्यानेच फिरवला. “बाई, आला असता!” हा ‘नसतं तर?’ प्रश्न सोबतच्या पुस्तिकेत कुठेही नाही. माझ्या मते तो पहिल्याच पानावर हवा होता.

दुसरी उणीव याहून मोठी वाटते. संचातली प्रत्येक जोडी खरी आहे. ‘या दोन गोष्टींचा संबंध नाही’ असं म्हणायची वेळ मुलांवर येतच नाही. एकामागून एक घडलं म्हणजे पहिल्यामुळे दुसरं घडलं, हाच तर या वयातला ठरलेला गोंधळ. म्हणून मी कोऱ्या कागदावर आरवणारा कोंबडा आणि उगवता सूर्य काढून ती जोडी संचात मिसळली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण मुलांना त्या दिवशी पुरती पटली.

आता बाणांविषयी, कारण खरी किंमत त्यांची आहे. ‘पाऊस पडला म्हणून जमीन ओली झाली’ आणि ‘जमीन ओली झाली कारण पाऊस पडला’ या दोन वाक्यांत घटनांचा क्रम उलटतो. वाक्यात आधी आलेली गोष्ट आधी घडली असं समजून मुलं लेखी उत्तरात हमखास चुकतात. चिठ्ठी बदलली, वाक्य उलटलं, तरी टेबलावरचा बाण पावसाकडून ओल्या जमिनीकडेच राहतो. हे डोळ्यांनी दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाण सुटे असल्यामुळे अनेक कारणांचा एक परिणामही मांडता येतो. सुकलेल्या रोपाच्या कार्डाकडे आम्ही ‘पाणी नाही’, ‘ऊन फार’, ‘मुळं तुटली’ अशा तीन पट्ट्यांवरून बाण आणले. कारखान्यातल्या दोषांची कारणं शोधण्यासाठी जपानच्या काओरू इशिकावा यांनी रूढ केलेली माशाच्या काट्यासारखी आकृती याच जातीची आहे, आणि तिसरीतल्या मुलांना ती सहज जमते. साखळीही करता येते: पाऊस, डबकं, घसरणं, खरचटलेला गुडघा. मधल्या कार्डाला कारण म्हणायचं की परिणाम, यावर आमच्याकडे जोरदार वाद झाला आणि दोन्ही बाजू बरोबर होत्या.

बाणांवर मार्करने लिहिलेलं कोरड्या फडक्याने पुसलं जातं. कार्डांचे कोपरे मात्र लवकर उकलतात, त्यांना आधीच पारदर्शक टेप लावून घ्या. पुस्तिका बाजूला ठेवली तरी चालेल. आणि घरी एकाच मुलासाठी हवं असेल तर संच घेऊ नका, साधे पुठ्ठ्याचे बाण कापा आणि चित्रं मुलालाच काढू द्या.